ताण्यावरचा कॅमेरा

सदलग्याच्या माझ्या थोरल्या बहिणीनं, सुमनआक्कानं, विड्या वळून मला शिकवलं, म्हणून मी पदवीधर झालो आणि सरकारी ऑफिसात कामं तपासून सही करू लागलो.

वडगावच्या विणकर गल्लीत सरकारी अनुदानातून कॅमेरे बसले. त्यांतल्या एकाखाली एक म्हातारी रोज साडीच्या उभ्या धाग्यांचा रेशमी ताणा पसरायची. काठीला फडकं बांधून कॅमेऱ्याची धूळही पुसायची. पूर्वी ती ताण्यापासून हलत नसे. आता घरात जाऊन जेवू लागली होती. एका दुपारी ती जेवून आली, तर ताणा कुणीतरी कापून नेला होता.

चित्रण मिळेना, म्हणून मी शिडीवर चढलो. कॅमेऱ्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"चोर दिसला काय रं?" तिनं खालून विचारलं.

"आज्जी, हा कधी चालूच नव्हता. काम पूर्ण झालं म्हणून सही मीच केली."

ती काठीचं फडकं सोडत म्हणाली, "शिकलेल्या माणसानं बघितलंय म्हणून तर मी आत जेवाय बसले, रं."

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"आक्का, तू अंगठा उठवायच्या आधी कागद कुणाकडून तरी दोनदा वाचून घ्यायचीस. मी न बघता सही केली आणि एका म्हातारीचा ताणा गेला. साहेबांना तसं लिहून दिलंय. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. हे पत्रही दोनदा वाचून घे."