भिंतीवर लिहिलेलं ‘चुकले’

तोंडवलीच्या किनाऱ्यावर बर्फाची एक शेड आहे. शेड म्हणजे काय, चिऱ्याच्या चार भिंती आणि वर पत्रे. पण तिची दर्याकडची भिंत बघायला तालुक्यातून माणसं येतात, आणि आली की आधी हसतात. पांढऱ्या चुन्यावर कोळशाने काढलेला आपला किनारा, डावीकडे दर्या, दर्यातून किनाऱ्याला टेकलेली निळीची एक बारीक रेघ आणि तिच्याजवळच एक हातभर रुंद पट्टा. त्या बारीक रेघेशेजारी मोठ्या अक्षरांत एकच शब्द: चुकले. खाली सही, सुगंधा गणपत मालंडकर. बाकी सगळं खाऱ्या वाऱ्याने पुसट झालंय, तो शब्द मात्र काल लिहिल्यासारखा काळाकुट्ट आहे. का, ते सांगतो.

सुगंधा मूळची धामापूरची. तळ्याकाठी वाढलेली, भातशेतीवाल्यांची लेक. लग्न होऊन तोंडवलीत आली तेव्हा तिला सुरमई आणि तोवर या दोन माशांतला फरकही कळत नव्हता, आणि ही गोष्ट गाव अजून विसरलेला नाही. नवरा गणपत रापणीत वाटेकरी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्या जाळ्याची होडी चाळीस घरांची मिळून एकच. सुगंधा बर्फाच्या शेडीत कामाला, शिवाय घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. दहावी पास. त्यापुढे शिकली ती स्वतःच्या हिमतीवर, आणि त्याला कारणही एक पर्यटकच झाला.

पुण्याच्या एका पाहुण्याने मे महिन्यात फोन करून येणं रद्द केलं. म्हणाला, “मॉडेलं बघितली, चक्रीवादळाची लक्षणं आहेत.” सुगंधा तडकली. “हंय आकाश आरशासारखा आसा, आणि तुमका पुण्यात बसून वादळ दिसता?” तो बिचारा वरमला आणि पाऊण तास समजावत बसला. तिसऱ्या दिवशी तिच्या मागीलदारचा माड पत्र्यावर आडवा झाला. दुसरी कोणी कपाळाला हात लावून बसली असती. हिने त्याच पाहुण्याला फोन लावला, “माका ह्या शिकवा.”

आणि शिकली हो! इंग्रजी शब्द वहीत मराठीत लिहून, एकेक विचारून. आज हवा कशी आहे, समुद्र किती तापलाय, दाब कुठे उतरलाय हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं. तो तासातासाने पुढचा हिशेब मांडत जातो. अमेरिकेचा वेगळा, युरोपचा वेगळा, आपल्या देशाचा वेगळा, आणि अशा प्रत्येक हिशेबाला म्हणायचं मॉडेल. शेजारणींना ती सांगायची, “तोच नारळ, तीच तिरफळा, तेच बांगडे. पण पाच घरांत पाच तऱ्हेची आमटी होता का नाय? तसा ह्या.” रोज पहाटे चहाआधी फोन हातात. आधी हवामान खात्याचा इशारा, कारण तो शेवटचा शब्द. मग ही पाच घरची आमटी चाखत बसायची. गणपत म्हणायचा, “माझ्या तोंडाकडे तरी कधी इतक्या बघितलस काय गो?”

आता त्या चुकीचं. गेल्याच्या गेल्या वर्षी, पाच दिवस आधी, एका मॉडेलने वादळाची रेघ थेट तोंडवलीवरून नेली. सुगंधा घाबरली. भिंतीवर रेघ काढली, घराघरांत सांगत फिरली. माणसांनी होड्या वर ओढल्या, तीन दिवस जाळी सुकवली. वादळ गेलं ओमानला! इथे लख्ख ऊन, आणि शेजारच्या गावाने त्या तीन दिवसांत बांगड्यांच्या टोपल्यांवर टोपल्या उतरवल्या. मग काय विचारता! एसटी वेळेत आली नाही की “सुगंधाचा वादळ”. सुतार सांगून आला नाही की “सुगंधाचा वादळ”. रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, धोंडूआबा, वय चौऱ्याहत्तर, सगळ्यांदेखत म्हणाले, “काय गो सुगंधा, ओमानाक पोचल्याचो कागद इलो काय? तळ्याकाठची बाय दर्याक अक्कल शिकयता!”

ती घरी जाऊन रडली. नंतर तोंड धुतलं, कोळसा घेतला आणि त्या रेघेशेजारी लिहिलं, चुकले. खाली बारीक अक्षरांत, “पाच दिवस आधी एकाच मॉडेलवर विसंबले.” सही केली. गणपत म्हणाला, “पुसून टाक गो, लोक विसरतले.” तिने ऐकलं नाही.

त्यानंतर तिने रेघ काढायची सोडली. एका मॉडेलची रेघ म्हणजे एका घरची आमटी. आता सगळी मॉडेलं मांडायची, प्रत्येकाच्या पन्नास-पन्नास शक्यता बघायच्या आणि चुना मारायचा रुंद कुंचला निळीत बुडवून पट्टा ओढायचा. वादळ जाईल ते या पट्ट्यातून कुठूनही. यापेक्षा जास्त कळत असल्याचा आव आणायचा नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा वादळ उठलं. दर्यात जाऊ नका असा इशारा आला आणि कोणी गेलंही नाही. होड्या वाळूत उभ्या, म्हणजे सुखरूप, असा सगळ्यांचा हिशेब. आमच्याकडे होडी पाण्याबाहेर आली की माणूस निर्धास्त. चतुर्दशीच्या आदल्या दुपारी सुगंधाने पट्टा ओढला. त्याची जवळची कडसुद्धा किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर लांब होती.

“झाला मगे!” धोंडूआबा म्हणाले. “औंदा पण ओमान.”

माणसं हसली. गणपत मान खाली घालून पायाने वाळू उकरत राहिला. सुगंधापुढे दोनच वाटा होत्या. आता बोलावं आणि पुन्हा चुकावं, तर या भिंतीकडे कुत्रंही बघणार नाही. गप्प बसावं आणि होडी जावी, तर चाळीस चुली थंड.

“वादळ हंय येतला काय, माका म्हायत नाय,” ती म्हणाली. हसू आणखी वाढलं. “पण पाणी येतला. लाटांचे मॉडेल वेगळे असतत. तिनव मॉडेलांत परवा दुपारी मोठ्यो लाटो आसत. वादळ लांबसून गेला तरी लाट हंय पोचता. आणि परवा अमावास्या.”

मग ती वळली ती थेट ज्यांनी तिचं सर्वांत जास्त हसं केलं त्यांच्याकडे.

“आबानु, पुढचा कॉम्प्युटराक म्हायत नाय. तुमका म्हायत आसा. अमावास्येची भरती, दक्षिणेचो वारो आणि लांबसून येणारी लाट, तिनव एका वेळेर इली तर आपल्या किनाऱ्यार पाणी खंयपर्यंत येता?”

धोंडूआबांचं हसू थांबलं. त्यांनी किनाऱ्यामागच्या सुरूच्या बनाकडे काठी दाखवली.

“सुरूंच्या मुळाक,” म्हणाले. “मी धा वर्सांचो होतंय. बापाशीची होडी वाळूतसूनच गेली. ती पण अमावास्याच होती.”

आबा भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. पट्ट्याकडे नाही, त्या जुन्या शब्दाकडे बघत. मग मागे न वळताच म्हणाले, “फाल्या सकाळी होडये ओढूचे. सगळ्यांनी येवचा.”

नरकचतुर्दशीची, आमच्या चावदिसाची, सकाळ ती! तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडलं, अभ्यंगस्नानं झाली आणि फोवांची, म्हणजे पोह्यांची, ताटं पुढ्यात आली न आली तोच आबांची हाक. गोड फोव, तिखट फोव, ताकातले फोव, सगळे तसेच टाकून माणसं उठली. मुंबईहून आलेले चाकरमानी नव्या कपड्यांत, तोंडाने कुरकुर करत, दोरीला लागले. सुरूच्या बनापलीकडे वाळूचा चढ. खाली ओंडके घालायचे, “हैश्याऽ” म्हणायचं आणि हात दोन हात सरकायचं. दुपारपर्यंत रापणीची होडी आणि अकरा लहान होड्या बनाच्या मागे पोचल्या. वर आकाश निळंशार, वारा झुळकीइतका. एक चाकरमानी बोललाच, “सुगंधाचा वादळ!” आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गपचूप दोरी गुंडाळली.

अमावास्येला सकाळी दहा वाजेपर्यंत काही नाही. सुगंधा दारात रांगोळी घालत होती आणि दर दोन ठिपक्यांनी दर्याकडे बघत होती. अकराला दर्याचा आवाज बदलला. साडेअकराला पहिलं पाणी वाळूची कड फोडून वर आलं, आणि मग येतच राहिलं. जिथे होड्या उभ्या होत्या तिथली पुरुषभर वाळू खरवडून गेली, जाळ्यांचे खुंट गेले, एका म्हाताऱ्याचं मासे सुकवायचं मचाण गेलं. फेस येऊन टेकला तो सुरूंच्या मुळांना. तिथून पुढे एक पाऊल नाही. बनामागे चाळीस घरांची होडी कोरडी ठणठणीत उभी होती, आणि तिच्या बुडाला हात लावून गणपत लहान पोरासारखा रडत होता.

वादळ मात्र खरंच आलं नाही. ते एकशेसत्तर किलोमीटरवरून निघून गेलं, तेही सुगंधाने भिंतीवर लिहून ठेवलं.

मार्चमध्ये पंचायतीने शेडीला चुना मारायचं ठरवलं. सदस्य मितेश बादली घेऊन आला. “वयनीनु, पट्टो ऱ्हवांदे. शोभता. ह्या ‘चुकले’ तेवढा पुसतंय. भायरचे लोक येतत, हसतत.”

खरं सांगायचं तर सुगंधालाही वाटलं, जाऊ दे. सव्वा वर्षाहून जास्त दिवस तो शब्द तिच्याकडे बघत होता. “पूस,” ती म्हणाली.

“हात लाव बघूया!” मागून आवाज आला. धोंडूआबा काठी टेकत येत होते, रागाने लालबुंद.

“चावदिसाक मी फोव टाकून उठलंय, ता ह्या निळीसाठी नाय,” ते मितेशला म्हणाले. “निळीतला माका काय कळता? ह्या शब्दासाठी उठलंय. साठ वर्सा दर्यात गेलंय, हजार वेळा चुकलंय. माझी एक तरी चूक खंय लिवलेली आसा? दाखव माका. जी बाय आपली चूक गावाच्या भिंतीर सही करून लिवता, ती खोटा सांगतली काय?”

मितेशने कुंचला बादलीत सोडला.

आबांनी खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलला. चौथीपर्यंत शिकलेले ते. ‘च’चा पाय पुसट झाला होता, तो आधी घट्ट केला. मग एकेक अक्षर, जीभ दातांत धरून, पुरं गिरवलं. सुगंधा मागे उभी होती. डोळ्यांतलं पाणी पदराला न पुसता, ताठ मानेने.

आबांनी हात झटकले. “आता मार चुनो,” म्हणाले. “आजूबाजूक मार.”