वारा खालून वर होता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, ती गेली. आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितली नाही, तेही गेले. देवळात बसलो तरी देवासमोर मी दुसरंच काहीतरी बोलत आलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणूनच.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. कागदावर माझी ओळ बैल मुतल्यासारखी जाते. सून म्हणाली, मोबाइलवर बोला, तो लिहून देतो. म्हटलं, नको. मोबाइलनं ऐकलं म्हणजे घरानं ऐकलं. कुणाकडून लिहून घ्यायची माझी रीत नाही, म्हणून स्वतःच लिहितो आहे.

आधी शिकारीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिकारबंदीचा कायदा तेव्हा आला होता. लोक म्हणतात, आमच्या गावांपर्यंत पोचला नव्हता. पोचला होता. आम्ही तो ऐकला नाही, एवढंच.

माझं गाव चाकणजवळ. आता त्या माळावर कंपनीच्या नव्याकोऱ्या गाड्या रांगेनं उभ्या असतात. तेव्हा नुसतं गवत. आमच्याकडची काळवीटं माझ्या आधीच संपली होती, म्हणून आम्ही शिरूरच्या बाजूला जायचो. माळावर जनावर तुम्हाला आधी बघतं. लपायला बाभळसुद्धा नाही. मग जायचं कसं? बैलगाडी घेऊन. काळवीट बैलगाडीला भीत नाही. गाडीच्या आडून चालायचं, बैलाच्या पायाला पाय जुळवून. गाडी थांबवायची मात्र नाही — थांबली की कळप गेला. चालत्या गाडीआडून आपण हळूच खाली बसायचं, गाडी पुढं जाऊ द्यायची. काळवीट गाडीकडं बघत राहतं, आणि तेवढ्यात बार. हे मला जमायचं. माझ्यासारखं आसपास कुणाला जमत नव्हतं. फुशारकीनं सांगत नाही. — फुशारकीनंच सांगतो.

मग माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न झालं. दाजी भीमाशंकरकडच्या डोंगरातले. अंगानं किरकोळ, बोलणं कमी.

डोंगरातली शिकार म्हणजे वेगळंच काम. तिथं काळवीट नाही — सांबर आणि भेकर. वर हिरड्याचं रान, खाली कारवीच्या झुडपांची दाटी, चार पावलांपलीकडं दिसायचं नाही. पाचोळा असा वाजतो की आपलाच पाय आपल्याला चोर वाटतो. डोळ्याचा उपयोग नाही. एका बाजूनं माणसं ओरडत, डबे वाजवत रान उठवतात — हाका म्हणतात त्याला — आणि बंदूकवाला पुढं वाटेवर बसतो. बसायचं कुठं, यातच सगळं आलं. तुमचा वास जनावराकडं गेला की संपलं. ऊन चढायला लागलं की वारा दरीतून वर येतो, सांजेला वरून खाली उतरतो. मधल्या वेळात तो कुठल्या घळीत शिरेल, ते दाजींनाच ठाऊक. चिमटीत माती घ्यायची, सोडायची, बघायचं, आणि बोट करायचं — इथनं येणार. जनावर तिथूनच यायचं.

पहिल्यांदा त्यांच्या रानात गेलो तेव्हा मी तरणा होतो, चाकणच्या माळाची मस्ती अंगात. पाचोळा वाजला आणि मी बार काढला. हिरड्याच्या खोडाला. हाकेवाले जमले, एकानं खोडाला हात लावून बघितला.

"पाव्हणं, पळालं न्हाई अजून. दुसरा बार घाला की!"

सगळे पोट धरून हसले. त्या गावात पुढं माझं नाव खोडमारे पाव्हणे पडलं. दाजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

म्हटलं, येऊ दे आता यांना आमच्या माळावर. आले. दिवसभर गाडीबरोबर गुमान चालले आणि मग म्हणाले, "किसन, तुमच्याकडं वारा डोळ्याला दिसतो रं. गवतच सांगतंय समदं." मी आयुष्यभर त्या गवतात चाललो होतो. मला ते कधी का दिसलं नव्हतं? त्याच दिवशी त्यांनी काळवीट पाडलं. माझ्याच गाडीआडून, आबांच्याच बंदुकीनं.

आबांनी माझ्या पाठीवर कधी हात ठेवल्याचं मला आठवत नाही. आम्ही शिरूरहून परतलो त्या दिवशी ते खळ्यापर्यंत चालत आले, दाजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्याला म्हणत्यात शिकारी." मी तिथंच बैल सोडत होतो.

तुम्ही कधी कुणावर जळला आहात का? थोडंथोडकं नाही — रोज? अक्का माहेरी यायची आणि आम्ही पंगतीला बसलो की दाजींच्या पानातली भाकरी मला मोठी दिसायची. ते झोपले की यांना झोप कशी लागते म्हणून मी जळायचो. पोरं त्यांच्या मांडीवर जायची, माझ्या जात नव्हती — आणि मला पोरं आवडतही नव्हती, तरी जळायचो.

त्यात आबांची नजर अधू झाली. ठासणीची बंदूक, पीक राखायच्या लायसनची, आमच्या घराचा मान ती. एक दिवस चार माणसांत आबा म्हणाले, "बंदूक जावईबापूंकडं जाऊ द्या. किसन्या शेत बघंल." शेत बघंल! जसा काही मी बुजगावणं. मी जनावरांना वैरण टाकायला उठून गेलो.

आता त्या हाक्याचं.

बंदूक नावावर व्हायच्या आधी दाजींच्या गावात मोठा हाका ठरला. त्यांनी सकाळी सगळं समजावून सांगितलं. हाकेवाले कारवीतून आडवे येतील, सांबरं उठतील, उतारानं चालत घळीच्या तोंडापासून थोडं वर, बाजूनं आत शिरतील आणि घळीतून वर खिंडीत. खिंडीत दाजी. मला बसवलं घळीच्या खालच्या टोकाला, एका अंगाच्या उंच खडकावर, जनावर बाजूला फुटू नये म्हणून. "किसन, खडक सोडू नगं," एवढंच म्हणाले. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ऊन चढत होतं, वारा खालून वर होता. खडकावरून माझा वास वरच्यावर निघून गेला असता. पण घळीच्या तोंडाशी कुणी बसलं, तर त्याचा वास सगळ्या घळीत भरणार — चुलीचा धूर जसा भिंतीला धरून चढतो, तसा.

हे मला कळलं होतं. खोडमाऱ्याला कळलं होतं. त्या रानात मला कळलेली तेवढी एकच गोष्ट.

शिकारीला जाताना बिडी घरी ठेवायची, हा आमचा नेम. त्या दिवशी माझ्या टोपीत बिडी होती आणि काड्यापेटीसुद्धा. कशी राहिली? — इथंच मी इतकी वर्षं स्वतःला फसवत आलो. सवयीनं राहिली, असं म्हणायचो. राहिली नव्हती. ठेवली होती.

डब्यांचा आवाज जवळ आला तसा मी खडकावरून उतरलो. घळीच्या तोंडाशी एका धोंड्याआड बसलो. बिडी पेटवली. खोकला येऊ नये म्हणून हळूहळू ओढली. धूर माझ्या डोळ्यांदेखत वर गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. खिंडीत बसलेल्या माणसाच्या नाकाला एवढा धूर कळत नाही. सांबराला पुरतो.

सांबरं आली. मी बघितली. पुढं मोठा नर, मान वर. घळीत पाय टाकायच्या बेतात होता — थांबला. पाय आपटला, असा काही ओरडला की रान हाललं, आणि मागं फिरला. सगळा कळप हाकेवाल्यांच्या अंगावर.

दाजींचा पाठचा भाऊ, नामदेव, हाक्यात होता. नराच्या धडकेनं तो कड्याच्या उतरणीवरून खाली गेला. जिवानिशी वाचला. पाय मात्र कायमचा वाकडा झाला. डोंगरातल्या माणसाला उतरणीवर चालता येईना, म्हणजे काय राहिलं?

त्याला घोंगडीत घालून खिंडीत आणला तोवर मी खडकावर परत जाऊन, तिथून सगळ्यांबरोबर वर आलो होतो. माणसं कुजबुजत होती. जनावर घळीत शिरता शिरता फिरलं, म्हणजे त्याला वरच्या बंदूकवाल्याचा वास लागला. म्हणजे वारा वरून खाली होता. म्हणजे दाजी चुकले. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

दाजी नामदेवच्या उशाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "किसन, तू समद्यात खाली व्हतास. खाली वारा कसा व्हता?"

दरडावून नाही हो. वाट चुकलेला माणूस विचारतो, तसं. त्या माणसाला माझ्याशिवाय विचारायला कुणी नव्हतं. एक शब्द खरा बोललो असतो, तर?

मी म्हणालो, "वरनं खाली येत व्हता, दाजी."

त्यांनी मान हलवली. मग स्वतःच्या हाताकडं बघत बसले. ज्या चिमटीनं सकाळी माती सोडली होती, त्या हाताकडं.

बंदूक मला मिळाली. आबा म्हणाले, "आपलीच बरी." लायसन माझ्या नावावर झालं. पण कायदा आता आम्हालाही ऐकू यायला लागला होता, आणि रानही राहिलं नाही. पुढं निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची, एवढंच तिचं काम उरलं. त्यासाठी केलं का मी? विचारून बघतो कधीकधी. बंदुकीसाठी नव्हतं ते. ते हात मला खोटे पाडायचे होते.

दाजींनी रान सोडलं. नामदेवसमोर कसा राहू, म्हणाले. भोसरीला आले, एका शेडमध्ये ड्रिल मशीनवर लागले. एक खोली, पत्रा, अक्का. भाऊबीजेला मी जायचो, अक्का ओवाळायची, मी ओवाळून घ्यायचो. एकदा त्यांना आणायला शेडच्या गेटवर गेलो. सुट्टी झाली होती, माणसं बाहेर पडत होती, आणि दाजी कडेला उभं राहून चिमटीनं माती सोडत होते. एक पोरगा म्हणाला, "काय राव, मंतर टाकता का कंपनीवर?" सगळे हसले. मीही हसलो. ते काय शोधत होते, हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं.

आता ते ताथवड्याला मुलाच्या फ्लॅटवर असतात. अक्का आहे. नातसून दोघांना जपते. माझ्या सुनेपेक्षा जास्त जपते — बघा, अजून जळतोच आहे. गेल्या रविवारी मी गेलो होतो. सोसायटीच्या बागेत म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. कुणी लातूरकडचा, कुणी रत्नागिरीचा, सगळे पोरांकडं आलेले. दाजी बोलत होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. काय सांगत होते? तोच हाका. खिंड, घळ, कारवी, नामदेव. "वारा मी चुकवला," म्हणाले. "जल्मात एकदाच. पण भावाच्या पायावर चुकवला." लातूरचे ते गृहस्थ म्हणाले, "आपली चूक अशी चारचौघांत कबूल करणारा माणूस आता बघायला मिळत नाही, बाबा."

आणि मी पुन्हा जळलो. काय सांगू तुम्हाला — ती चूक माझी होती! मी केलेली, मी इतकी वर्षं सांभाळलेली. तिच्यावरसुद्धा मान त्यांनाच.

तेवढ्यात दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा माझा मेव्हणा. हा खाली व्हता त्या दिवशी. ह्यालाच इचारा. किसन, वारा वरनं खाली व्हता, न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. इतक्या माणसांनी माझ्याकडं एकदम बघितल्याला किती काळ झाला होता!

"व्हय, दाजी," मी म्हणालो. "मी खाली व्हतो. मला चांगलाच लागला."

चहा झाला. मला गेटपर्यंत पोचवायला दाजी स्वतः आले, काठी टेकत. घरी आलो, जेवलो, आणि मला झोप चांगली लागली. तेही लिहून ठेवतो.