व्याह्यांची बाटली

आमच्या देवदत्तदादाला कुठलीच गोष्ट शांतपणे करता येत नाही. शाळेत भूगोल शिकवायचा, तेव्हा ज्वालामुखीच्या धड्याला त्याचा आवाज शेजारच्या तीन वर्गांना ऐकू जायचा. निवृत्त झाल्यावर जरा निवेल असं मला वाटलं होतं. निवला नाही. साठी उलटल्यावर त्यानं वाइनचा नाद लावून घेतला, आणि तोही थेट इटलीच्या वाइनचा. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा दारू नाही ना म्हणून बाटलीवरचं वाचून घेतलं जायचं. त्या घरात गोदरेजच्या कपाटात धोतरांच्या खालच्या कप्प्यात कियांती आणि बार्बेराच्या बाटल्या आडव्या झोपल्या. मी त्याचा धाकटा भाऊ मुकुंद. त्याच्या प्रत्येक नादात मला फरफटत जावं लागतं, म्हणून हे सांगायचा अधिकार माझा.

नादाला कारण होतं. दादाची एकुलती एक लेक श्रावणी शिकायला इटलीत तोरिनोला गेली आणि तिथल्या मात्तेओशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा गुणी. त्याची आई नव्हती. वडील ऑरेल्यो, डोंगरउतारावर त्यांचे द्राक्षांचे मळे आणि घरच्या घरी वाइन करायची पिढीजात रीत. दादानं लग्नाला हूं की चूं केलं नाही. पण एके संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "मुकुंदा, त्या माणसाला इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही. उद्या पोरगी तिकडं एकटी पडली, रुसली, आजारी पडली, तर मी त्याच्याशी बोलू काय? फोन करायला काहीतरी निमित्त पाहिजे की."

निमित्त वाइनचं ठरलं. मला राग आला, कारण इटालियन शिकणं स्वस्त पडलं असतं आणि पचायलाही सोपं. पण दादानं एकदा घेतलं की घेतलं.

आमच्या गावापासून चार तासांवर, पुण्यात एका हॉटेलात इटालियन वाइन चाखायचा कार्यक्रम होता. दादा मला पहाटे उठवून हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून घेऊन गेला. पांढऱ्या चादरीची टेबलं, प्रत्येकापुढे सहा सहा ग्लास, आणि मध्ये एक चकचकीत भांडं. शिकवणारी मुलगी म्हणाली, घोट तोंडात घोळवायचा आणि या भांड्यात थुंकायचा. दादा थक्क झाला. पानात पडलेलं टाकायचं नाही, हे आईनं आम्हाला चटके देऊन शिकवलेलं. त्यानं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि सहाच्या सहा वाइन मनापासून गिळल्या. मधूनच उठून उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं की ही चौथी ज्या डोंगरावरची आहे तिथं शरदात धुकं उतरतं आणि त्यामुळं द्राक्ष उशिरा पिकतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी कधी आलं आणि गेलं, त्याला कळलं नाही. मला कळलं, कारण त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

मग सात रस्त्याजवळ एक नवं रेस्टॉरंट निघालं. तिथं इटालियन वाइन मिळते म्हटल्यावर दादानं तिथं ठाणच मांडलं. वेटर सिद्धाप्पा अक्कलकोटकडचा. दादा ग्लास गोल फिरवून त्यात नाक घालून बराच वेळ बसायचा. सिद्धाप्पाला काळजी वाटली. तो हळूच येऊन म्हणाला, "काका, काय पडलंय का त्यात? दुसरा आणू का? हितं समदे घटाघटा पितेत, तुमी नुसतं नाक घालून बसलाय." दादानं त्याला समोर उभं करून ग्लास हुंगायला लावला. ओल्या मातीचा आणि सुकलेल्या गुलाबाचा वास येतोय का, म्हणून विचारलं. सिद्धाप्पानं डोळे मिटून हुंगलं आणि व्हय म्हणाला. खरंच आला की दादाच्या धाकानं आला, देव जाणे. पण पुढं गिऱ्हाईक नसलं की तो आपणहून टेबलाशी येऊन उभा राहायला लागला.

घरी अनसूयावहिनी. ती आधी लांबूनच बघायची. मग दादाला सोबत म्हणून घोट घेऊ लागली. बार्बेरा तिला भरल्या वांग्याबरोबर आवडली, जांभळासारखी जिभेवर धरते म्हणाली. शेंगाच्या चटणीबरोबर मात्र एकही वाइन टिकत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि ते खरं निघालं. बुडबुडेवाली प्रोसेक्को चाखल्यावर तिनं विचारलं, "द्राक्षंच ना ही? मग उपासाला चालत असतील." दादा त्यावर दोन दिवस हसत होता. मी इतका आनंदी दादा त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

जानेवारीत साखरपुडा ठरला. श्रावणी, मात्तेओ आणि व्याही ऑरेल्यो आले. व्याही उंच, हातांना मळ्याचे घट्टे, बोलायला कमी. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक काळपट बाटली काढली आणि दोन्ही हातांनी दादाच्या हातात ठेवली. श्रावणीनं सांगितलं, मात्तेओ जन्मला त्या वर्षीची ही वाइन, त्यांच्या स्वतःच्या मळ्यातली, अशी ही शेवटचीच. उद्या साखरपुड्याच्या जेवणाला उघडायची. दादानं बाटलीवरचं द्राक्षाचं नाव वाचलं. नेब्बिओलो, तो पुटपुटला, आणि व्याह्यांनी एकदम मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो एक शब्द दोघांना समजला होता. दादा त्या रात्री झोपला नसणार. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात पुरणाच्या तयारीत होती. यातलं तिच्या कानावर काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा झाला, पानं मांडली गेली. जेवून लगेच पाहुणे पुण्याला निघायचे होते, सामान सकाळपासून बांधून दारात होतं. दादानं खांद्यावर पांढरा नॅपकिन टाकला आणि बाटली आणली. तोंडावरचं वेष्टण काढलेलं दिसलं. व्याह्यांनीच तयारी करून ठेवली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं बूच काढलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि व्याह्यांच्या ग्लासात धार धरली.

धार पिवळी होती, घट्ट होती आणि तिला शेंगदाण्याचा खमंग वास होता.

दादाचा चेहरा मला बघवेना. वर्षभर ज्या घडीची तयारी केली, ती घडी अशी हातात आली होती. तेवढ्यात वहिनी आमटीची वाटी घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ते तेल कशाला वाढताय? घाण्यावरचं ताजं आहे, त्यांना न्यायला भरलंय. पाहुण्यांचं भांडं रिकामं परत द्यायचं का?"

आमच्याकडे शेजारून खिरीची वाटी आली तरी ती रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चार खडीसाखरेचे खडे तरी घालतो. व्याही निघणार, त्यांची बाटली घरात राहणार, हे वहिनीच्या मनाला पटेना. म्हणून सकाळी तिनं दादाच्याच मळसूत्रानं बूच काढलं. वाइन ओतताना तळाशी गाळ दिसला, म्हणून तलम फडक्यातून गाळून ती नव्याकोऱ्या चिनी मातीच्या बरणीत ठेवली. मग बाटली धुऊन, उन्हात वाळवून तेलानं भरली आणि बूच बत्त्यानं ठोकून बसवलं.

श्रावणीनं ही रीत व्याह्यांना समजावून सांगितली. दादानं हताशपणे हात जोडले. मी वहिनीवर ओरडणार होतो, तेवढ्यात ती बरणी घेऊन आली आणि डावानं दुसऱ्या ग्लासात वाइन वाढली. वरपर्यंत, काठोकाठ. अर्धा ग्लास पाहुण्यापुढे ठेवणं तिला जमत नाही. व्याह्यांनी तो वास घेतला. डोळे मिटले. एक घोट घेतला, मग दुसरा, आणि श्रावणीकडे वळून भराभरा बोलू लागले. सकाळपासून तेच घोळत होतं त्यांच्या मनात, तिनं सांगितलं. एवढी जुनी वाइन गाळून घेऊन थोडी उघडी ठेवायला हवी, पण परक्या घरात भांडं मागायचं कसं, म्हणून गप्प बसले होते. दादाला एवढा आनंद झाला की तो खाली बसायचं विसरला. मग त्यानंही चाखली. गुलाब, माती, सुकं अंजीर, असं काय काय बडबडत राहिला, आणि व्याही प्रत्येक शब्दाला मान हलवत राहिले, एकही कळत नसताना.

आणि मग दादाची बडबड थांबली. वाइनवर पाठ केलेली वाक्यं त्याला आठवेनात. मराठीतच म्हणाला, "मला एकच लेक आहे. ती तुमच्याकडे येते आहे. फार लांब आहे हो ते."

श्रावणीला ते सांगता येईना. तिनं मान खाली घातली. पण व्याह्यांनी सांगण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी तेलाची बाटली उचलली आणि सावकाश बोलले. श्रावणीनं डोळे पुसत सांगितलं, "ते म्हणतात, ही रीत त्यांनाही लागू झाली. आता ही बाटली तेही रिकामी परत पाठवू शकत नाहीत. दरवर्षी भरून पाठवणार."

वहिनीनं विचारलं, आणणार कोण?

श्रावणीनं ते त्यांना सांगितलं. ऑरेल्योंनी बाटली श्रावणीच्याच हातात ठेवली.