दाखल्यावरचं नाव

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी दहावीच्या परीक्षेला गेले, तेव्हा बीडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात मला सांगण्यात आलं की, तुम्ही त्या नव्हेतच. महादेवावरचा माझा विश्वास त्या सकाळी संपत आला होता. तो कसा टिकला ते लिहिते. याला चमत्कार म्हणायचं की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला त्या वादात वेळ घालवायचा नाही.

माझं माहेर शिरूर कासारचं, सासर वडवणीचं. दोन्ही घरं लिंगायत वाण्यांची, किराणा दुकानाची. गळ्यात लिंग आणि सोमवारचा उपास. माहेरी माझं नाव गंगा. आठवी पास झाले तोवर तेच. लग्नात मात्र पंचाईत झाली, कारण सासूबाईंचं नावही गंगाबाई. सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची? मग ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात 'गिरिजा' असं लिहिलं, बायका हसल्या, पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही, याचा राग मला आज जास्त येतो.

पंधरा वर्षांनी गावात अंगणवाडीची जागा निघणार असं कळलं. दहावी पास बाई हवी होती. मी बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तो शाळेच्या दाखल्याप्रमाणेच भरावा लागतो, म्हणून त्यावर गंगा, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. दोन वर्षं शेजारच्या मुलीची पुस्तकं आणून दुकानामागच्या खोलीत डाळ निवडता निवडता अभ्यास केला. सासऱ्यांनी एवढंच सांगितलं, "एकदाच बसायचं. न्हाई जमलं तर ती पुस्तकं पुड्या बांधायला घेईन." ते चेष्टा करत नव्हते. एक वेळ, एक परीक्षा, नाहीतर कायमचं दुकान.

पहिला पेपर अकराचा. नवरा दुकान सोडून येऊ शकला नाही. मी एकटीच एसटीने आले. केंद्रावरच्या सरांनी हॉल तिकीट पाहिलं आणि ओळखीचा कागद मागितला. माझ्याकडे सासरचं रेशनकार्ड होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

"यात गंगाबाई हाय, पण वय साठ."

"त्या माझ्या सासूबाई. मी खालची, गिरिजा."

"म्हणजे सासूला दहावी करायला निघालात व्हय?" शेजारचे दोघे हसले. "आमी डमी लई पाह्यले, पण सासूच्या जागी सून पहिल्यांदाच."

मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग नाव कावून बदललं?" जसं काही मीच हट्टाने बदलून घेतलं होतं! त्यांच्या स्वतःच्या बायकोचं नाव माहेरचंच होतं का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी गिळलं. शेवटी ते म्हणाले, "लग्नाआधीपासून वळखणारं कुणी आणा. त्यानं लिहून द्यावं. साडेअकराला दार बंद होईल."

वडील वारलेले. भाऊ शिरूरला, जाऊन येईपर्यंत दुपार झाली असती. बीडमध्ये मला गंगा म्हणून ओळखणारं एकही माणूस नव्हतं. आतल्या पोरी प्रश्नपत्रिका उलटत होत्या, त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मी शाळेच्या नळावर गेले. रडायला नाही, तोंड धुवायला. रागाने कान तापले होते. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि महादेवाला सरळ विचारलं, "रोज सकाळी तुझी पूजा करते ती कोण, गंगा का गिरिजा? तुला तरी माहीत हाय का? मला जे करता आलं ते मी केलं. आता माझ्या हातात काही नाही." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. भांडणच होतं ते.

मूठ सोडून मी नळाखाली हात धरला, तर शेजारी पाणी प्यायला वाकलेली एक म्हातारी माझ्या मनगटाकडे बघत राहिली. लहानपणी लिंबावरून पडून माझं डावं मनगट मोडलं होतं. हाड वाकडंच बसलं.

"ह्या हाडानं माझ्या लई बांगड्या फोडल्या," ती म्हणाली. मग वर बघितलं. "गंगे? वाण्याची गंगी न्हवं का तू?"

शिरूरची मथुराकाकू कासारीण. माझ्या लग्नाचा चुडा तिनेच भरला होता. बांगड्यांचा माल घ्यायला ती बीडला आली होती. स्टँडकडे जाताना तहान लागली आणि शाळेचं फाटक उघडं दिसलं, एवढंच. मी तिला जवळजवळ ओढत नेलं.

"आजी, सही येते का?" सरांनी विचारलं.

"येत आसती तर तुमच्या खुर्चीत नसते का बसले?" काकूने डोक्यावरची बांगड्यांची पाटी खाली ठेवली. "हिला जन्मापासून वळखते. गिरिजा का फिरिजा ती त्यांची. ही आमची गंगीच. कुठं लावू अंगठा?"

दार बंद व्हायला तीन मिनिटं होती. मी आत गेले, बाकावर बसले आणि उत्तरपत्रिकेवरची सूचना वाचली: कुठेही नाव लिहू नये. फक्त बैठक क्रमांक. तेव्हा मला हसू आलं, पण आजही ते आठवून दात खाते.

मी पास झाले. अंगणवाडी मिळाली. लोक म्हणाले, "महादेवानं पास केलं." महादेवाने मला दारापर्यंत माणूस दिलं, ते मी मान्य करते. भूमितीची प्रमेयं मी पाठ केली होती. मी शिरूरला जाऊन काकूच्या पाया पडले तेव्हा तीही फणकारली, "मी कशाची देवी गं? देवीचे गुडघे दुखतात व्हय?" तिला शाळेचं तोंडही कुणी दाखवलं नव्हतं, आणि माझी शाळा तिच्या अंगठ्यावर उघडली. याचं मला फार वाईट वाटतं. तिला काहीच वाटत नव्हतं, हे त्याहून वाईट.

शरण जायचं म्हणजे मान खाली घालायची, असं आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. त्या नळावर मी मान वर करून बोलले आणि माझ्या हातात आता काही उरलं नाही, एवढं खरं कबूल केलं. तेवढी शरणागती महादेवाला पुरली असावी. तेव्हापासून सोमवारी देवळात उभी राहिले की आधी आभार मानते, मथुराकाकूचं नाव घेऊन. राग मात्र गेलेला नाही. तो जावा असं मी त्याच्याकडे अजून एकदाही मागितलेलं नाही.