पाच ते सात जे हलेल ते आमचं

लातुरात रॉकबिली मी आणली. हे वाक्य मी चारचौघांत म्हणतो तेव्हा चौघंही उठून जातात, म्हणून लिहून ठेवतोय.

भूकंपानंतर भिंतींच्या चिरा बघायला एक गोरा इंजिनिअर आला होता. आठवडाभर मी त्याला माझ्या मोटारसायकलवर गावोगाव फिरवलं, आणि जाताना त्यानं मला एक कॅसेट दिली. रॉकबिली म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यातल्या पोरांनी गावरान गाण्यात धांगडधिंगा मिसळून केलेला तो प्रकार. त्यातला एक शब्द मला आजवर कळलेला नाही. पण पहिल्याच गाण्याला माझी टाच आपटायला लागली, ती पुढे माझ्या लग्नाच्या मंगलाष्टकांतही थांबली नाही.

लग्नाचा बँड चालवणारे आमच्या गल्लीतले चाचा. त्यांना कॅसेट ऐकवली. डोळे मिटून त्यांनी पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाले, "ही तर आपलीच वरात हाय मियाँ. फक्त घोडा उधळलाय."

झालं. चाचांचा बँड, गल्लीतले तीस-चाळीस हौशी, डोक्यावर खोबरेल तेलाचे वीतभर कोंबडे, असा दर रविवारचा क्लब सुरू झाला. या संगीताला माणसाएवढं उंच, उभं धरून बोटांनी ओढायचं तंतुवाद्य लागतं. ते नांदेडहून एसटीच्या टपावर टाकून आणलं. कंडक्टरनं त्याचं पूर्ण तिकीट फाडलं आणि अहमदपूरजवळ भुरभुर सुरू झाल्यावर मला टपावर पाठवून त्याला माझ्या सीटवर बसवलं.

क्लब लोकांचा होता. म्हणजे कुठलाही निर्णय हात वर करून व्हायचा आणि झालेला निर्णय कुणीच पाळायचं नाही. जागा होती गल्लीच्या मंडळाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. त्याच्या वर एका सरांचा क्लास. कोचिंगचं पीक तेव्हा नुकतंच तरारून आलं होतं. ज्या इमारतीला चिरा नव्हत्या तिथं फिजिक्स घुसलं होतं. आणि हॉलच्या खाली मावशींची मेस. निलंगा, रेणापूर, कुठून कुठून आलेली क्लासची लेकरं तिथं जेवायची.

मावशी स्वयंपाक घरात करायच्या, पण झोपायला बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपाच्या त्या पहाटेपासून दोन वर्षं त्या छताखाली झोपल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी वाटी आणि वाटीवर पालथा स्टीलचा गिलास, हा त्यांचा पहारेकरी. तो पडला की पळायचं. गावात तेव्हा घरोघरी असा गिलास होता.

पहिल्या रविवारी पाच वाजता आम्ही सत्तर टाचा एकदम आपटल्या. खाली गिलास पडला. मावशींनी ताटावरची पोरं अर्धी पोळी हातात असतानाच रस्त्यावर काढली, त्यांच्यामागून अख्खी गल्ली. आम्ही खिडकीतून बघितलं आणि वाटलं, लोक आम्हाला बघायला जमलेत. मी हात हलवला.

"काय करायलात रे?" मावशी खालून म्हणाल्या. "माणसं मारता का?"

त्यानंतर ठरलं की दर रविवारी मी वरातीच्या भोंग्यावरून आधी सांगायचं: पाच ते सात जे हलेल ते आमचं, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं. आणि काय सांगू, मावशींना सवय झाली. गिलास पडायचा, त्या उचलून परत ठेवायच्या. चार महिन्यांनी त्यांनी खाट घरात आणली. गल्लीनं ही गोष्ट क्लबच्या खात्यात जमा धरली.

खाट आत येऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवार, साडेपाच. आम्ही सगळे बसून चहा घेत होतो. बशा खुळखुळल्या. कोपऱ्यात टेकवलेल्या त्या वाद्याची जाड तार कुणी हात न लावता घुमली. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी चाचांकडे. तेवढ्यात खाली गिलास पडला.

मावशी जिना चढून दारात आल्या, हातात गिलास. वरून सरही उतरले.

"तुम्हीच ना?" मावशींनी विचारलं.

मला त्यांची खाट पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये दिसायला लागली.

"हाव मावशी," मी म्हणालो. "नवी स्टेप बसवत होतो."

"बसून?" सर म्हणाले.

"बसूनच बसवतात सर," चाचा म्हणाले.

सरांनाही ते परवडणारं होतं. जमीन हलली म्हटल्यावर उद्याच्या पहिल्या एसटीनं आई-बाप येऊन पोरं घेऊन गेले असते. त्यांनी आमच्याकडून लिहून घेतलं की साडेपाचचा हादरा आम्ही दिला, आणि तो कागद क्लासच्या फळ्याशेजारी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं सांगितलं, लातूर ते नांदेड सौम्य धक्का जाणवला. आमचं पितळ उघडं पडलं असं मी धरून चाललो. गल्लीनं मात्र सहीचा कागद खरा मानला. चहाच्या टपरीवर लोक मला वळून बघायला लागले. "नांदेडपर्यंत गेला म्हणं तुमचा आवाज." मी मान खाली घातली, विनयानं.

क्लासखालचा धांगडधिंगा सरांना तसाही नकोच होता. त्यांनी कागद पुढे करून गल्लीची बैठक लावली: क्लब बंद करा, नांदेडपर्यंत त्रास आहे. हात भराभर वर गेले. आमच्यातलेही तीन गेले.

मावशींचा हात खालीच होता. "सर, एक सांगा," त्या म्हणाल्या. "चहा मीच पाठवला होता वर. चहा पिता पिता कोण नाचतंय, मला काय कळत न्हाई?"

मी चपला शोधू लागलो.

"ह्यांचा क्लब बंद केला अन् पुन्हा हाललं, तर मी कुणावर ढकलू? खाट कुठं नेऊ सांगा."

एकेक करून हात खाली आले. सरांचा सगळ्यात शेवटी.

पुढच्या रविवारी पाचला मी भोंगा हातात घेतला, तर खालून मावशींची हाक आली, "लवकर पाडा रे तो गिलास. मला पोळ्या लाटायच्या हायत."