कोनादूचं धड

आमच्या माम्पोंग गावात गेल्या सात वर्षांत ज्या बायका वारल्या, त्यांतल्या निम्म्याजणी पोस्टरवर एकाच अंगाने बसल्या आहेत. ते अंग कोनादूचं. तिचा नवरा बोआतेंग बाजारात मयताची पोस्टरं करतो. लोक त्याच्याकडे ओळखपत्रावरचा धुरकट चेहरा आणून म्हणतात, "आमच्या आईला जरा थाटात बसव, मास्टर." की तो चेहऱ्याखाली कोनादूचं धड जोडणार: निळा झगा, भरदार खांदे, मांडीवर हात. झगा मी शिवलेला. माझं शिवणाचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच आहे.

भिंतीवर नवं पोस्टर चिकटलं की बायका ओरडायच्या, "अगं कोनादू, परत मेलीस?"

"या महिन्यात तिसऱ्यांदा बाई!" उखळात फुफूचे उकडलेले कंद कुटता कुटता ती म्हणायची. कुणी फोटोसाठी फोन रोखला तर तोंडावर हात. "नको गं. माझं मुंडकं उडवायला घरचाच माणूस पुरेसा आहे."

यंदा ती खरंच गेली. पोटाच्या दुखण्याने आठ महिन्यांत वाळून काडी झाली होती. झगा मी दोनदा आत घेतला. तिसऱ्यांदा तीच नको म्हणाली.

पोस्टरसाठी बोआतेंगला निळ्या झग्यातला तो पहिला, अख्खा फोटो हवा होता. त्यात ती मान कलती करून हसत होती, पुढच्या दातांतली फट दाखवत. त्याने सगळा कॉम्प्युटर उपसला. हाती लागलं नुसतं धड. पहिल्या गिऱ्हाइकाच्या घाईत त्याने डोकं कापलं आणि फाइल तशीच सेव्ह केली होती. मी त्याला वाटेल ते बोलले. मेल्या, एक कॉपी ठेवता आली नाही तुला? बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

उरला होता दवाखान्याच्या कार्डावरचा चेहरा. ओठ मिटलेले, मान ताठ, साहेबाने दरडावल्यासारखी. दोन दिवस तो चेहरा तिच्याच धडावर बसेना. या माणसाने शेकडो परक्या माना बेमालूम बसवल्या होत्या.

"थोडी कलती कर," मी म्हटलं.

"कलती केली की तिच्यासारखी दिसते, ताई. पण मग मोडल्यासारखी दिसते."

शेवटी ताठच ठेवली.

शनिवारी दुखवट्याची लाल-काळी कापडं नेसून सगळे अंत्यविधीला जमले. कोनादूची मावशी ओबुआसीहून आली होती. बरीच वर्षं गाठ नव्हती, तिने भाचीला पाहिलं ते थेट आजारपणात. पोस्टरपुढे ती बराच वेळ उभी राहिली.

"जावईबापू, चेहरा हुबेहूब हो. पण हे अंग कुणाचं? माझ्या जावेच्या पोस्टरलाही हेच होतं. आमची पोर कुठे एवढी भरलेली होती? स्वतःच्या बायकोला तरी नवं लावायचं होतंत."

"तिचंच आहे, मावशी."

"असू दे, असू दे. छान दिसतंय," असं म्हणत तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती खुर्चीकडे गेली.

बोआतेंगने माझं मनगट घट्ट धरलं.

"झगा तू शिवलायस, ताई," तो म्हणाला. "मापं तू घेतलीस. तू तरी सांग ना तिला."