पोळ्याचा लाल रंग अन् पंचफुलाच्या आठ तलंगा

माही लहान बहीण पंचफुला जल्माची भेकड. गाय हंबरली तरी माह्या मागं लपे. मी श्रावण, मोठा. सातवीच शिकलो, पण सावरगाव ते पांढुर्णा माह्यासारखी बैलजोडी सजवणारा कोणी असन त दाखवा.

जवाई वारले तवा मीच तिले घेऊन आलो. मागच्या खोलीत राह्यते, संत्रे तोडाले मजुरीनं जाते. कोणाले काही मागत नाई. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, कोंबड्या.

जुन्या नऊ कोंबड्या, अन् त्याइतलीच काबरी सगळ्याइची मालकीण. दोन सालाआधी पंचफुलानं नव्या तलंगा, म्हंजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, सरळ आंगणात सोडल्या. काबरीनं दोघीचे डोके फोडले. पंचफुला दोन दिवस जेवली नाई.

मागच्या साली आठ तलंगा होत्या. पंचफुला म्हणे, "भाऊ, यावेळी एक बी मेली त मी सगळ्या इकून टाकीन. मले पाह्यनं होत नाई."

"मंग करशीन काय दिवसभर?"

"बशीन खोलीत."

जवाई गेल्यावर सहा महिने थे तशीच बसली होती.

तिनं संत्र्याचे चार जाळीदार क्रेट तारेनं बांधून पिंजरा केला. आठी तलंगा आत, जुन्या बाहेर. एकमेकीले पाहू द्याचं, पण चोच लागू द्याची नाई. पंधरा दिवस थे दाणे क्रेटच्या दोन्ही अंगानं टाके. संत्र्याच्या बगीच्यातून आली का हातपाय न धुताच पह्यले तिथं जाऊन मोजे.

सोडायच्या दिवशी थे पाणी आणाले गेली होती. मले वाटलं, आपल्या तलंगा शेजारच्या रामाजीच्या कोंबड्यात मिसळतीन. पोळ्याले बैलाच्या शिंगाचा लाल रंग उरला होता. मी आठीच्या मानेवर एकेक पट्टा ओढला. सफाईनं ओढला, हात कापला नाई माहा.

थे आली, अन् मानेकडं न पाहताच तिनं क्रेट उचलला.

तलंगा बाहेर आल्या. जुन्या कोंबड्या उभ्याच. कोणी दाणा टिपेना, आवाज नाई. काबरी सावकाश आली, मान वाकडी करून एका पांढऱ्या तलंगेच्या मानेकडं पाहून राहिली. मंग चोच मारली. दुसरीनं मारली. अन् एका झटक्यात नऊच्या नऊ त्या पांढरीवर.

मी काठी शोधून राहिलो होतो. माहे पाय जागचे हालत नोते, खोटं काहून सांगू. अन् थे भेकड पंचफुला मधात घुसली. हाताले चोची लागल्या तरी पांढरी पोटाशी धरून बाहेर काढली. बाकीच्या सात क्रेटखाली लोटल्या.

मंग तिनं पांढरीच्या मानेवरून बोट फिरवलं, बोट पाह्यलं.

"भाऊ, हे रक्त एवढंच आहे. बाकी रंग आहे. तू लावला?"

मी आयुष्यात कोणापुढं मान खाली घातली नाई. तिच्यापुढं घातली.

"लाल दिसलं का कोंबडी टोचतेच रे," थे म्हणे. "तुले एवढं बी ठाऊक नाई?"

"बैलाचं ठाऊक आहे."

"मंग बैलच पाह्य."

रंग निघेना. तिनं चिखल कालवला अन् आठीच्या मानेले लावला. पांढरीच्या जखमेले हळद भरली. मंग काबरीले धरून तिच्या बी मानेले चिखल लावला, बाकीच्या आठीले बी. सगळ्या सारख्याच दिसाले लागल्या.

दुपारी परत क्रेट उचलला. आम्ही दोघं दारात बसून राहिलो. काबरी जवळ आली का पंचफुला माहा दंड धरे, लहानपणी धरे तसाच. मले बी धीर नोता, पण मी सांगितलं नाई. काबरीनं दोघीले टोचलं, रक्त नाई निघालं. दिवस बुडताना सतराच्या सतरा खुराड्यात शिरल्या. पांढरी सगळ्यात शेवटी, लंगडत.

"जगन ना थे?" मी इचारलं.

"सकाळी पाहू," पंचफुला म्हणे. दंड तिनं सोडला नोता.

पांढरी जगली. आता अंडे देते.

यंदाच्या पोळ्याले मी शिंगाइले निळा रंग लावला. लोक इचारते, श्रावण, लाल काहून नाई? मी म्हणतो, माही जोडी आहे, माही मर्जी.